रूपरावचं बेनिफिशियल

आर्वीहून पुलगावला जाणारी छोटी गाडी टेंभरीच्या शिवारातून इतकी सावकाश जायची, की वावरात वाकलेली बाई डब्यातल्या माणसाशी दोन शब्द बोलून पुन्हा कामाला लागायची. रस्ता संपतो तिथं बाबारावचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं आणि पुढं एक बाकडं. त्या बाकड्यावर रूपराव संध्याकाळी येऊन बसला, की बाबाराव चुलीवरची केटली न उतरवताच हाक द्यायचा, "या इंग्रज! गाडी टाइमात हाय तुमची."

गावानं त्याला इंग्रज म्हणायचं कारण एक शब्द होता. बेनिफिशियल. म्हणजे हितकारक, अंगी लागणारं, भलं करणारं. टेंभरीत हा शब्द लहान लेकरालाही माहीत होता. तालुक्यात दुसऱ्या कुठल्या खेड्यात तो माहीत असेल असं वाटत नाही.

"काऊन गा इंग्रज," बाबाराव विचारायचा, "चहा बेनिफिशियल हाय का नाई?"

रूपराव टोपी नीट करून, छाती भरून सांगायचा, "टी इन एक्सेस इज नॉट बेनिफिशियल."

"म्हंजे?"

"जास्त पेला त चांगला नसते."

"मंग हा तिसरा कप कोन पेऊन राह्यला बे?"

बाकडं हसायचं. रूपरावही हसायचा, पण त्याचं हसणं ओठांच्या आत उतरायचं नाही. इंग्रजीची थट्टा त्याला खपायची, त्या शब्दाची नाही. मग तो समजावून सांगायला लागायचा, की या शब्दाच्या मागं 'टू' लावतात आणि 'फॉर'ही लावतात. "फॉर लावलं त चालते, पन टू लावलं त शोभते," तो म्हणायचा. पुढं 'हायली' लावलं, की शब्दाचं वजन वाढतं. दोघांचंही भलं होत असेल, तर 'म्युच्युअली' लावायचं. बाकड्यावरची माणसं बिडीचा धूर सोडत ऐकायची. त्यांना टू आणि फॉर सारखंच होतं, पण एवढं जीव तोडून दुसरं कुणी काही सांगत नव्हतं.

या शब्दाची मुळी फार खोल गेली होती.

रूपराव तरणा असताना आर्वीला मॅट्रिकला बसला होता. गावातून मॅट्रिकला बसलेला तो पहिलाच. त्याचा बाप म्हणायचा, पोराला गुरांमागं धाडा. आई म्हणायची, गुरांमागं मी जाते, पोराला शाळेत धाडा. आणि ती खरंच गेली. चार वर्षं ती बाई गुरं घेऊन नाल्याकाठानं हिंडली, म्हणून हा पोरगा आर्वीच्या बाकावर बसला. इंग्रजीच्या पेपरात शब्द दिले होते आणि लिहिलं होतं, स्वतःच्या वाक्यात उपयोग करा. त्यात हा शब्द होता. अर्थ त्याला येत होता. त्यानं दौतीत टाक बुडवला, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि लिहिलं, "माय मदर इज बेनिफिशियल टू मी."

लिहून झाल्यावर त्याच्या छातीत गार वारं शिरल्यासारखं झालं. आईचं नाव इंग्रजीत पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं.

पेपर सुटल्यावर आवारात पोरं एकमेकांना उत्तरं विचारत होती. तालुक्यातल्या एका वकिलाचा पोरगा सगळ्यांची तपासत होता. रूपरावनं आपलं वाक्य म्हणून दाखवलं. तो पोरगा पोट धरून हसला.

"अबे, माय काय शेणखत हाय का बेनिफिशियल असाले? औषध बेनिफिशियल असते, व्यायाम असते. मानूस नसते बे बेनिफिशियल!"

निकाल लागला तेव्हा रूपराव बाकी विषयांत पास होता, इंग्रजीत गेला होता. कुठं गेला, कशानं गेला, हे निकालात लिहीत नाहीत. चुकलेले काळ असतील, न सुटलेलं भाषांतर असेल. पण रूपरावनं आपल्या मनाशी ठरवलं, की त्या एका वाक्यानंच त्याला बुडवलं. माणूस बेनिफिशियल नसतो, हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो बुडाला. पुन्हा बसायचं म्हणेपर्यंत बाप वारला आणि बैलांचा कासरा हातात आला. आई त्याला विचारायची, "कायचा पेपर खराब गेला रे बापू?" तो म्हणायचा, "इंग्रजीचा." त्या पेपरात तिच्याबद्दल काय लिहिलं होतं, हे त्यानं तिला कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही सांगितलं नाही.

तेव्हापासून त्यानं एक नेम केला. इंग्रजी आपली नाही. ज्याची आहे त्याचंच वाक्य बोलायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. त्यानं आर्वीच्या बाजारातून एक जुनं गाइड आणलं. त्यात प्रत्येक शब्दाखाली वाक्यं छापलेली होती. सकाळचं फिरणं आरोग्याला हितकारक, दूध आरोग्याला हितकारक, पोहणं शरीराला हितकारक. ती त्यानं अशी पाठ केली, जशी दुसरी माणसं हरिपाठ करतात.

हंगामात तो आर्वीला एका जिनिंगमध्ये कामाला जायचा. प्रेसमधून कापसाच्या गाठी बांधून निघाल्या, की त्यांच्यावर काळ्या शाईनं इंग्रजी अक्षरं आणि आकडे उमटवायचे, हे त्याचं काम. अक्षरं पत्र्यात कापलेली असायची. पत्रा गाठीवर धरायचा, कुंचला फिरवायचा, पत्रा उचलायचा. अक्षर कधी वाकडं यायचं नाही. रूपरावला ते काम फार आवडायचं. दुसरे हमाल म्हणायचे, मशीनचं काम आहे हे. तो म्हणायचा, "चुकी नाई न होत."

त्याची एकच लेक होती, नलू. त्याच्या बायकोला, मनकर्णाबाईला, आणखी दोन लेकरं झाली होती, पण ती वाचली नाहीत. म्हणून नलूवर दोघांचा जीव. पोरगी हुशार होती, डोळ्यांत चमक होती आणि तोंड एक घडी बंद राहत नसे. ती बैलाशी बोलायची, सांडलेल्या दाण्यांवर येणाऱ्या चिमण्यांशी बोलायची. बापानं शिकवलेले इंग्रजी शब्दही ती असेच कुठंही वापरायची. आंबट बोरं खाऊन ती 'सॅड' म्हणायची. रूपराव रागवायचा.

ती सातवीत असेल तेव्हाची गोष्ट. कापसाचा पहिला वेचा होता, आणि पहिल्या वेच्याला आमच्याकडं सीतादही करतात. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी दगड मांडायचे, त्यांना हळद-कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा. मग घरची बाई मुठीत दहीभात घेऊन वावरभर शिंपत जाते. दह्यासारखा पांढरा कापूस फुटो, एवढंच तिचं मागणं. त्याआधी बोंडाला हात लावत नाहीत. मनकर्णाबाई शिंपत होती, नलू तिच्या मागं दह्याचा लोटा घेऊन चालत होती. ऊन कोवळं होतं. एकाएकी नलू थांबली, बापाकडं वळली आणि टाळी वाजवून म्हणाली,

"बाबा! सीतादही इज बेनिफिशियल टू कॉटन!"

क्षणभर रूपरावला वाटलं, हिला उचलून घ्यावं. आणि त्याच क्षणी त्याला आर्वीच्या शाळेचं आवार दिसलं, तो पोट धरून हसणारा पोरगा दिसला.

"कोनत्या पुस्तकात हाय हे?" त्यानं विचारलं.

"पुस्तकात नाई बाबा. वावरात हाय."

"मंग ते इंग्रजी नाई."

"काऊन नाई? टू लावला न मी?"

"सीतादही इंग्रजीत नसते. लोक हासतीन. म्हन, मॅन्युअर इज बेनिफिशियल टू कॉटन. मॅन्युअर म्हंजे खत."

नलूनं म्हटलं. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. तिनं पुन्हा म्हटलं. मनकर्णाबाई दह्याचा हात पदराला न पुसता तशीच उभी होती.

"लेकरू बोललं त बोलू द्या न," ती म्हणाली. "इंग्रज का आयकाले येऊन राह्यले इथं?"

"तुले नाई समजत. मी एका वाक्यात बुडालो."

घरी आल्यावर त्यानं नलूला समोर बसवलं आणि नेम सांगितला. आपल्या मनचं वाक्य करायचं नाही. गाइडातलं बोलायचं. आणि ध्यानात ठेवायचं, वस्तू बेनिफिशियल असते, औषध असतं, माणूस नसतो. नलूनं मान हलवली. ती बापाची फार माया करायची, म्हणून नेमही तिनं मायेनं पाळला. हळूहळू इंग्रजीत तिचं मनचं बोलणं बंद झालं. विचारलं तेवढंच आणि छापलं होतं तसंच ती सांगायची. रूपराव बाबारावच्या बाकड्यावर सांगायचा, "पोरगी एक बी शब्द चुकत नाई."

दहावीला ती पास झाली, इंग्रजीतही. गावात पेढे वाटले. रूपरावला वाटलं, आपला नेम खरा ठरला. पोरगी म्हणाली, मला नर्स व्हायचं आहे. तिची मैत्रीण कमला तापानं गेली होती. तिच्या खाटेपाशी नलू शेवटपर्यंत बसून होती, तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं. वर्ध्याकडं एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंगची शाळा होती. तिथं अर्ज गेला, बोलावणं आलं. तोंडी परीक्षा होती.

मनकर्णाबाईचा भाऊ तेव्हा नदीपलीकडचं एक स्थळ घेऊन बसला होता. रूपराव त्याला म्हणाला, "तिथं घेतलं त लगन नाई. नाई घेतलं त मंग तुमी म्हनता तसं." नलू दाराआडून ऐकत होती. तिला काय ते समजलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी दोघं बापलेक पहाटेच निघाले. नलूनं पांढरं पातळ नेसलं होतं, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. वाटेत रूपरावनं तिच्याकडून सगळी वाक्यं म्हणवून घेतली. गाडीतली माणसं बघत होती.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात पोरी आणि त्यांचे बाप बसले होते. नलूचं नाव आलं. ती आत गेली. दाराला नुसता हिरवा पडदा होता. रूपराव पडद्याजवळच्या खांबाला टेकून उभा राहिला. आत एक वयस्क सिस्टर होती, केरळाकडची. तिची हिंदी गोल गोल होती, पण आवाजात गोडवा होता. तिनं नाव, गाव विचारलं आणि मग इंग्रजीत विचारलं,

"व्हॉट फूड इज बेनिफिशियल टू अ सिक पर्सन?"

रूपरावनं खांब धरला. बेनिफिशियल! एवढ्या मोठ्या इंग्रजीतून त्या बाईच्या तोंडी नेमका तोच शब्द यावा? त्याला वाटलं, देव आहे. त्याची आई वर कुठंतरी बसून हे घडवते आहे.

"मिल्क इज बेनिफिशियल टू हेल्थ," नलू म्हणाली. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"गुड. और?"

"मॉर्निंग वॉक इज बेनिफिशियल टू हेल्थ."

सिस्टर हसली. "मरीज को मॉर्निंग वॉक? वो तो पलंग पर है, बेटी."

"स्विमिंग इज बेनिफिशियल टू द बॉडी."

मग सिस्टरनं विचारलं, "तुमको तैरना आता है?"

"नाई, सिस्टर."

"दूध पीती हो?"

"नाई, सिस्टर. दूध डेअरीत जाते."

"अच्छा." सिस्टरनं खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. "देखो बेटी, ये सब किताब का है. मुझे तुम्हारा चाहिए. नर्स को जो दिखता है वो अपने शब्दों में डॉक्टर को बताना पड़ता है. किताब में मरीज नहीं होता. अपना एक वाक्य बोलो, इसी शब्द से. तुम्हारा घर, तुम्हारा खेत, तुम्हारी माँ, कुछ भी. माँ तुम्हारे लिए बेनिफिशियल है कि नहीं? वही बोल दो."

पडद्याबाहेर खांबाचा चुना रूपरावच्या नखांत शिरला. वीस वर्षांहून जास्त काळ ज्या वाक्याची लाज त्यानं पोटात वागवली, ते वाक्य आत एक शिकलेली बाई त्याच्या लेकीला हातात देत होती. घे, म्हणत होती. त्याला ओरडायचं होतं, म्हन बाई, म्हन! त्यानं खांब आणखी घट्ट धरला.

नलूला तो फासा वाटला. बापानं सांगून ठेवलं होतं, लोक असंच फसवतात. ती सरळ उभी राहिली असावी, कारण तिचा आवाज स्वच्छ आला.

"नो, सिस्टर. ह्यूमन बीइंग इज नॉट बेनिफिशियल. मेडिसिन इज बेनिफिशियल."

आत खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग सिस्टर म्हणाली, "ठीक है, बेटी. जाओ." तिच्या आवाजातला गोडवा तसाच होता. रूपरावला तो जास्त लागला.

दुपारून एक कारकून व्हरांड्यात येऊन नावं पुकारून गेला. नलूचं नाव त्यात नव्हतं. ज्यांचं आलं त्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. नलू बापाच्या बाजूला उभी राहून त्यांच्याकडं पाहत होती.

पुलगावला गाडी बदलायची होती. फलाटावर दोघं बाकावर बसले. रूपरावनं तिच्यासाठी भजी आणली, ती तिनं हातात धरून ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "मी एक बी शब्द चुकली नाई न?"

"नाई बाई," रूपराव म्हणाला. "एक बी नाई."

"मंग काऊन नाई घेतलं?"

छोट्या गाडीनं शिट्टी दिली. तो घाईनं उठला.

बाबारावच्या हॉटेलावर त्या संध्याकाळी कुणी इंग्रज म्हणून हाक मारली नाही. बाबारावनं चहा पुढं ठेवला आणि म्हणाला, "पे गा रूपराव." नाव घेऊन बोलावलं, तेव्हा रूपरावला कळलं की गावाला बातमी लागली आहे.

पुढं दिवाळीच्या सुमाराला पराटी फुटली. तोवर नलूचं लग्न ठरलं होतं, नदीपलीकडच्या त्याच स्थळाशी. पोरगा वाईट नव्हता. कुणीच वाईट नव्हतं, त्यामुळं रागवायलाही कुणी नव्हतं. रूपराव मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट घोळवत होता, की अजून वेळ गेलेली नाही. पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा करता येईल, लग्न थांबवता येईल. पोरीला फक्त तिचं बोलणं परत यायला हवं. एकदा यायला हवं, मग येतच राहील.

पहिल्या वेच्याच्या दिवशी तो स्वतः दही घेऊन वावरात आला. मनकर्णाबाईनं दगड मांडले, हळद-कुंकू वाहिलं आणि शिंपायला लागली. नलू लोटा घेऊन मागं चालत होती. ऊन तसंच कोवळं होतं. रूपराव धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली उतरला आणि लेकीच्या वाटेत उभा राहिला.

"बाई, ते वाक्य म्हन न एक डाव."

नलू थांबली. लोटा कमरेवर घेतला. "मॅन्युअर इज बेनिफिशियल टू कॉटन," ती म्हणाली.

"ते नाई. लहानपनी म्हटलतं ते. इथंच. दह्याचं."

"दह्याचं?" ती आठवायला लागली. मन लावून आठवत होती. कपाळाला आठी पडली, ओठ हलले. "कर्ड इज बेनिफिशियल टू डायजेशन. हे का?"

"नाई वं. गाइडातलं नाई. तुहं. तुह्या मनचं."

नलूनं बापाकडं पाहिलं. तिच्या नजरेत रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. असता तर रूपरावनं तो पदरात घेतला असता.

"माहं कोनतं, बाबा?" ती म्हणाली. "मले त तुमचेच येतात."

आणि पुढं आई थांबली होती, म्हणून ती लोटा घेऊन निघून गेली.

उन्हाळ्यात लग्न झालं. निघताना नलू बापाच्या पाया पडली, तेव्हा त्याला तिला काही सांगायचं होतं. काहीतरी आपलं. जे तोंडात आलं ते सगळं छापलेलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तब्येतीले जपजो."

जिनिंगमधलं काम त्यानं सोडलं नाही. बाबारावच्या बाकड्यावर मात्र कुणी गमतीनं विचारलं, अमुक बेनिफिशियल आहे का, तर तो म्हणायचा, "मले नाई मालूम." मग विचारणंही बंद झालं. नवीन लेकरांना तो शब्द माहीत नाही.

नलू सासरी गेल्यानंतरचं पहिलं सीतादही दोघांनीच केलं. लोटा धरायला कुणी नव्हतं. मनकर्णाबाईनं तो धुऱ्यावर ठेवला आणि एकटीच शिंपत गेली. रूपराव तिच्याकडं पाहत उभा होता. वाक्य त्याला पाठ होतं, सगळे शब्द जागच्या जागी होते. टूसुद्धा. त्यानं घसा साफ केला.

"सीतादही इज..."

तो थांबला. मागं वळून त्यानं पाहिलं, कुणी ऐकतं आहे का. दूरवर नुसती पराटी होती.

"काय म्हनता?" मनकर्णाबाईनं वावरातून विचारलं.

"काई नाई," रूपराव म्हणाला आणि तिच्या मागं बोंडं वेचायला वाकला.